सायकलीवरचे ओझे

सायकलीवर सामान बांधणे हा तत्त्वचिंतनाचा विषय होऊ शकेल, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटणार नाही. पिशव्या कोणत्या घ्याव्या, पट्टे किती आवळावे, पाण्याची बाटली कोठे अडकवावी, हे प्रश्न फार झाले तर दुकानदाराने किंवा एखाद्या अनुभवी प्रवाशाने सोडवावयाचे. त्यांत नीतिशास्त्राने लुडबूड करण्याचे कारण काय, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो वरवर तरी रास्तच दिसेल. तथापि मनुष्यास खरोखर किती वस्तू लागतात, त्यांपैकी कोणत्या त्याने स्वतः वाहाव्या आणि कोणत्यांसाठी दुसऱ्यावर विसंबावे, हा नीतिशास्त्राच्या अगदी जुन्या प्रश्नांपैकी एक आहे. आणि तो सायकलीवर जितक्या स्पष्टपणे उभा राहतो तितका अन्यत्र क्वचितच राहत असेल, असे आम्हांस वाटते.

घरात या प्रश्नाचा निकाल लावण्याची कोणास निकड नसते. लागेल की नाही हे ठरत नाही ती वस्तू माळ्यावर जाते, आणि निर्णयावाचून वर्षानुवर्षे तेथेच राहते. आगगाडीने किंवा मोटारीने जाणाराची पेटी थोडी जड झाली, तर तिचा भार इंजिन वाहते. मालकास तो कळतही नाही. पायी जाणाराची गोष्ट याच्या अगदी उलट. त्याची पाठच निकाल देऊन मोकळी होते, आणि मोहास फारसा वाव राहत नाही. सायकल या दोहोंच्या मधली. पाठीवर जेवढे नेता येईल त्याहून कितीतरी अधिक सामान तिच्यावर चढते, म्हणून मोहास भरपूर जागा आहे. परंतु चढलेली प्रत्येक वस्तू आपल्याच पायांनी घाटावर न्यावी लागते, म्हणून त्या मोहाचे फळ पुढच्या जन्मी नव्हे, तर त्याच दिवशी दुपारी हाती येते. इतका रोकडा हिशेब मागणारे वाहन दुसरे आढळत नाही.

अलीकडे ज्यास बाईकपॅकिंग म्हणतात ती पद्धत हा हिशेब आणखी कडक करते. पूर्वी दूरच्या प्रवासास निघणारा सायकलस्वार मागे, आणि कित्येकदा पुढेही, कॅरिअर बसवी व त्याच्या दोन्ही बाजूंस मोठ्या थैल्या सोडी. या नव्या पद्धतीत कॅरिअर नसतो. हँडलास एक वळकटी बांधावयाची, फ्रेमच्या त्रिकोणात एक चपटी पिशवी बसवावयाची, आणि सीटच्या मागे एक निमुळती पिशवी आवळावयाची. सायकल त्यामुळे अंगाने सडपातळ राहते आणि कच्च्या, अरुंद वाटांवरही चालते. भरण्याचे नियमही ठरलेले आहेत. हत्यारे, धान्य, पाणी असा आटोपशीर पण जड माल त्रिकोणात, पायडलांच्या आसाजवळ, शक्य तितका खाली, फुगीर पण हलके अंथरूण-पांघरूण हँडलावर, कपडे सीटमागे. हँडलावर जडपणा गेला की सायकल वळावयास आळशी होते, आणि सीटमागे गेला की पिशवी शेपटीसारखी डोलू लागते. पाऊस येईल तेव्हा लागणारी वस्तू सर्वांत वर, रात्री लागणारी सर्वांत तळाशी. त्रिकोणाचे माप मात्र कोणासही वाढवता येत नाही. एक वस्तू आत जावयाची असेल तर दुसरी बाहेर यावी लागते; आणि जेथे अशी निवड करावी लागते तेथेच विचारास आरंभ होतो.

नाव नवे असले तरी कृती जुनी आहे. १८९७ साली अमेरिकेत, मोंटाना प्रांतातील फोर्ट मिझुला येथून लेफ्टनंट जेम्स मॉस हा गोरा अधिकारी पंचविसाव्या पायदळ पलटणीतील वीस कृष्णवर्णीय शिपाई घेऊन सायकलींवर निघाला आणि सुमारे १,९०० मैलांचा, म्हणजे तीन हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून ४१ दिवसांनी सेंट लुईस येथे पोहोचला. सैन्यास घोड्यांऐवजी सायकली चालतील काय, हे पाहण्याचा तो प्रयोग होता. फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी पेटी, हँडलावर घोंगडी आणि तंबूचे कापड, ही आजची मांडणी त्यांच्या सायकलींवर तेव्हाच दिसते. सायकल सुमारे ३२ पौंडांची, आणि सामानासह ती ५९ पौंडांच्या आसपास जाई. त्यांच्या सामानातील एक वस्तू आमच्या विषयास फार उपयोगी आहे, ती ही की प्रत्येक शिपायाजवळ पुरा तंबू नसे, अर्धा असे. दोघांचे अर्ध जोडले म्हणजे रात्रीचा निवारा उभा राही. आपल्या ओझ्याचा अर्धा भाग दुसऱ्याच्या सायकलीवर आहे, आणि दुसऱ्याचा अर्धा आपल्या सायकलीवर, ही जाणीव त्या माणसांस प्रत्येक मुक्कामी होत असली पाहिजे. हा मुद्दा पुढे पुन्हा लागेल.

सामानाची यादी करावयास बसलेला मनुष्य वस्तुतः आपल्या भीतीचीच यादी करीत असतो. प्रत्येक वस्तूपूर्वी एक 'जर' उभा असतो, आणि ती वस्तू म्हणजे त्याचे 'तर'. परंतु सगळ्या भीती एका जातीच्या नसतात. पाऊस पडेल, थंडी वाजेल, टायर फुटेल, साखळी तुटेल, ही भीती सृष्टीची व यंत्राची आहे. ती खरी असते आणि तिचे उत्तरही बहुधा ठाऊक असते. दुसरी भीती माणसांची. कोणी लुटील, कोणी दार उघडणार नाही, कोणी अन्न देणार नाही. तिसरी भीती लौकिकाची असते. गावात शिरताना आपण भणंग दिसू, सोबत्यांपेक्षा आपली सामग्री हलक्या प्रतीची ठरेल, अशी ती भीती आपले खरे नाव कधीच सांगत नाही. 'सोय' किंवा 'नीटनेटकेपणा' असे दुसरेच नाव सांगून पिशवीत शिरते.

पूर्वीच्या प्रवाशांच्या सामानात या तिन्ही भीती आढळतात. थॉमस स्टीव्हन्स हा १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलीवर निघाला आणि १८८६ अखेर जपानात योकोहामा येथे त्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. मध्यंतरी लाहोरहून कलकत्त्यापर्यंतचा आपल्याकडील मोठा रस्ताही त्याने तुडवला. निघताना त्याच्याजवळ मोजे, एक जादा सदरा, अंथरूण व तंबू या दोहोंचे काम देणारा पावसाळी कोट, आणि एक पिस्तूल एवढेच सामान होते. कोट सृष्टीसाठी, पिस्तूल माणसांसाठी. ॲनी लंडनडेरी या नावाने प्रसिद्धीस आलेल्या बाई १८९४ साली बॉस्टनहून निघाल्या त्या ४२ पौंडांच्या सायकलीवर आणि पायघोळ पोषाखात. शिकागोस पोहोचेपर्यंत त्यांस कळून चुकले की यांतले पुष्कळसे ओझे रस्त्याचे नसून लोकांच्या नजरेचे आहे. तेथे त्यांनी निम्म्या वजनाची, पुरुषांसाठी बांधलेली सायकल घेतली, आणि पुढे तो पोषाखही टाकला. पिस्तूल मात्र त्यांच्याजवळही होतेच.

यावरून 'भीती टाका म्हणजे ओझे उतरेल' असा सोपा उपदेश करण्याचा मोह होतो. परंतु आम्हांस तो मान्य नाही. आयर्लंडच्या डेर्व्हला मर्फी या १९६३ साली डंकर्कहून एकट्या सायकलीने दिल्लीस आल्या. माणसांवर त्यांच्याइतका विश्वास टाकणारा प्रवासी विरळा. तरी त्यांनीही जवळ पिस्तूल बाळगले होते, आणि ते चालवण्याचा प्रसंगही त्यांजवर आला. एकटी स्त्री, एकटा परदेशी, किंवा ज्याच्या वर्णामुळे किंवा जातीमुळे त्यास दार बंद होऊ शकते असा मनुष्य, यांची भीती कल्पित आहे असे घरबसल्या सांगण्याचा अधिकार कोणास आहे? भीती टाकता येते की नाही हे भिणाऱ्याच्या धैर्यावर जितके अवलंबून असते, तितकेच ते समाजाच्या वर्तनावर असते. ज्या मुलखात मनुष्यास कमी सामान घेऊन निर्धास्त फिरता येते, त्या मुलखाने त्याचे काही ओझे आधीच उचललेले असते.

आता त्यागाच्या परंपरेकडे वळू. अपरिग्रहास पतंजलीने यमांत स्थान दिले आहे, आणि जैन धर्मात तर ते महाव्रत आहे. ग्रीसमधील डायोजिनीसाची कथा सर्वश्रुत आहे. एका मुलास ओंजळीने पाणी पिताना पाहून त्याने आपले पानपात्रही फेकून दिले. ही कथा सांगणारे बहुधा पात्राशीच थांबतात. ज्या नगरात तो राहत होता तेथील विहिरी, हौद, बाजार आणि भिक्षा घालणारी घरे त्याने फेकून दिली नव्हती, ही गोष्ट कोणी सांगत नाही. त्याचे पात्र गेले, परंतु पाणी त्याच्यापर्यंत आणून सोडणारी सगळी व्यवस्था जागच्या जागी राहिली. म्हणून अल्प सामान आणि अल्प गरज या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली वजनकाट्यावर दिसते. दुसरी पाहावयाची तर इतरांच्या खांद्यांकडेही पाहावे लागते.

या बाबतीत बौद्ध भिक्षूंचे आठ परिष्कार आम्हांस अधिक विचाराचे वाटतात. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, कमरबंद, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके, एवढेच भिक्षूने जवळ ठेवावे असा दंडक आहे. या यादीत सुई आणि फडके यांचे काय काम, हे थांबून पाहण्यासारखे आहे. ज्यास एकही वस्तू जास्त ठेवावयाची नाही, त्यानेसुद्धा दुरुस्तीचे साधन ठेवलेच आहे. कारण चीवर फाटले की नवे मागणे हा दात्यावर भार, आणि ते शिवणे हे आपले काम. फडक्याचे कारण तर याहून सूक्ष्म. आजचा सायकलस्वारही पाणी गाळण्याचे साधन बरोबर नेतो, परंतु ते आपल्या पोटास अपाय होऊ नये म्हणून. भिक्षूचे फडके मुख्यतः पाण्यातील जीवांस अपाय होऊ नये म्हणून असे. एकच वस्तू एका पिशवीत स्वतःसाठी आणि दुसरीत परक्यासाठी असू शकते. वस्तू कोणती हे पाहून तिचे नैतिक मोल ठरत नाही. ती कोणत्या कारणाने बरोबर घेतली, हे पाहावे लागते.

हलकेपणाच्या आजच्या उपासकांस येथे थोडा हिशेब सांगणे अवश्य आहे. एक किलो वजन १,००० मीटर उंच चढवण्यास सुमारे ९.८ किलोजूल काम पडते. स्नायूंची शक्ती सुमारे चौथा हिस्साच उपयोगी कामात उतरते असे धरले, तरी त्या किलोसाठी शरीरास दहा किलोकॅलरींहून अधिक अन्न लागत नाही. म्हणजे अर्ध्या खजुरात तो घाट चढून होतो! दहा किलोंची गोष्ट निराळी. पासष्ट किलोंचा स्वार आणि तेरा किलोंची सायकल यांत दहा किलो पडले, तर चढावरचे श्रम सुमारे अष्टमांशाने वाढतात, आणि ते पायांस चांगले जाणवतात. परंतु दात घासण्याच्या ब्रशाची दांडी कापून चार ग्रॅम वाचवणारा मनुष्य जे करतो, त्याचा संबंध घाटाशी उरलेला नसतो. तो एक विधी झालेला असतो, आणि विधीबरोबर येणारा अहंकारही त्यामागोमाग येतो. माझे सामान तुझ्याहून कमी, हे वाक्य माझी संपत्ती तुझ्याहून अधिक या वाक्याचेच भावंड आहे.

शिवाय हा हलकेपणा बहुधा विकत घेतलेला असतो. टिटॅनियमचे भांडे, मुठीत मावणारे पिसांचे अंथरूण, रेशमासारख्या कापडाचा तंबू, यांचे वजन जसजसे उतरते तसतशी किंमत चढते. आणि सर्वांत हलके सामान म्हणजे पैसा. तो जवळ असला की अन्न खानावळीत, निवारा धर्मशाळेत किंवा हॉटेलात, आणि दुरुस्ती दुकानात मिळते. पैसेवाला पाच किलो सामान घेऊन निघतो आणि त्यास साधेपणा म्हणतो. गरीब मनुष्य त्याच रस्त्याने सायकलीवर दुधाच्या किटल्या, गवताचा भारा किंवा भंगाराची पोती लादून जातो आणि त्यास कोणी काही म्हणत नाही. पैसा वापरणे हे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. मोबदला देऊन घेतलेला आधार हा उलट पुष्कळदा सर्वांत स्वच्छ आधार असतो. फक्त त्यास अपरिग्रह म्हणू नये एवढेच.

आता आम्ही विषयाच्या गाभ्याशी आलो. प्रवाशाने जे मागे ठेवले, त्याचे वजन कोठे जाते? काही वस्तूंचे वजन खरोखरच नाहीसे होते. तिसरा सदरा घेतला नाही तर जगात कोणासही तो वाहावा लागत नाही. काही वस्तूंचे वजन मात्र नाहीसे होत नाही, केवळ जागा बदलते. पाण्याचे उदाहरण घेऊ. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो, परंतु काळ्या पाषाणात तो फारसा मुरत नाही. चैत्र-वैशाखात कित्येक वाड्यापाड्यांतील विहिरी आटतात, आणि तेथील बायका दूरच्या झऱ्यावरून किंवा टँकरजवळून हंडे डोक्यावर आणतात. अशा वाडीत दुपारी एक सायकलस्वार येतो. चढावर जड नको म्हणून त्याने एकच बाटली भरून घेतलेली असते. तो दोन लिटर पाणी मागतो. दारी आलेल्या तहानेल्यास पाणी नाही म्हणणे आपल्याकडे अधर्म समजतात. तेव्हा ती बाई हंडा कलती करते, आणि तो तिचे गुणगान करीत पुढे जातो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्याने जे दोन किलो सायकलीवरून उतरवले, ते तिच्या डोक्यावर चढले. आणि त्याच्याकडे निदान चाके तरी होती. तो ज्यास हलका प्रवास म्हणतो, तो हिशेबाच्या वहीत तिच्या नावे लिहिलेला असतो.

यावर कोणी म्हणेल की मग प्रत्येकाने आपले सगळे आपणच वाहावे. कोणाच्या दारी जाऊच नये. स्वावलंबनाचा हा आदर्श दिसावयास करारी आहे, परंतु तो कोणासच साधलेला नाही. मॉसच्या तुकडीसाठी मार्गावरील ठिकाणी शिधा आधीच रेल्वेने पोहोचता केलेला होता. मर्फीबाईंनी सुटे टायर पुढच्या शहरांत पाठवून ठेवले होते. मुंबईच्या सहा तरुणांची गोष्टही अशीच आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी ते सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. ते एका वजन उचलण्याच्या क्लबाचे सभासद होते. परंतु इराण, इराक आणि सिनाई यांच्या वाळवंटांतून पार होण्यास दंडातील बळ पुरे पडले नसते, वाटेवरची विहीर आणि विहिरीचा मालक हेही लागले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर काटून परत आले. चार वर्षांहून अधिक काळ पुरेल एवढी शिदोरी कोणत्या सायकलीवर मावते?

अमेरिकेतील 'टूर डिव्हाइड' नावाच्या शर्यतीत, जी २००८ पासून कॅनडातील बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत डोंगरी वाटांनी होत असते, या पेचातून एक वाट काढलेली दिसते. स्वाराने स्वतःच्या बळावर जावे. मात्र वाटेवरचे दुकान, खानावळ, नळ, जे सर्वांस सारखेच उपलब्ध आहे ते त्यास घेता येते. खास आपल्यासाठी मित्राने आणून ठेवलेले मदतीचे गाठोडे मात्र चालत नाही. शर्यतीपुरता हा नियम न्यायाचा आहे. परंतु आयुष्य ही शर्यत नव्हे, आणि खास आपल्यासाठी कोणी ठेवलेले गाठोडे हे आयुष्यात अन्यायाचे नसून बहुधा स्नेहाचे लक्षण असते. ज्याच्याजवळ सर्व काही आहे त्यास कोणी काही देऊ शकत नाही. तो गावातून जातो, पण गावास भेटत नाही. आषाढी वारीच्या वाटेवर गावोगाव वारकऱ्यांस जेवू घालण्याची जी चाल आहे तीत घेणाऱ्याइतकाच देणाराही कृतार्थ होतो, कारण ते देणे ठरलेले, अपेक्षिलेले आणि पुष्कळांनी मिळून वाटून घेतलेले असते. वारकरी आपली भाकरी बांधून नेऊ लागला, तर त्यास यजमानांचा भार हलका केल्याचे पुण्य लागणार नाही. त्यांचा आनंद हिरावल्याचा दोष मात्र लागेल.

तेव्हा परावलंबन चांगले की वाईट, हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. कोणावर, कशासाठी, आणि त्यास नाही म्हणण्याची मुभा ठेवून की न ठेवता, असे विचारले पाहिजे. आमच्या मते कसोटी अशी असावी: जी वस्तू दुसरा मनुष्य स्वतःच्या गरजेस धक्का न लावता देऊ शकतो, आणि द्यावयाची नसल्यास सुखाने नाकारू शकतो, ती मागे ठेवण्यास हरकत नाही; परंतु जी आपल्याजवळ नसली तर तिचा भार ज्यास तो पेलत नाही, किंवा ज्यास तो नाकारता येत नाही, अशा माणसावर पडेल, ती आपणच वाहिली पाहिजे, मग ती कितीही जड असो. आतिथ्याच्या संस्कृतीत या कसोटीचा दुसरा भाग विशेष महत्त्वाचा. जेथे यजमान नाही म्हणू शकत नाही, तेथे त्याच्या वतीने पाहुण्यानेच आधी नाही म्हणावे लागते.

ही कसोटी लावून पिशवी पुन्हा भरून पाहावी. पाणी भरपूर घ्यावे, विशेषतः उन्हाळ्यात आणि डोंगरात. त्रिकोणाच्या तळाशी त्याचे स्थान आधीच ठरलेले आहे. पंप, ट्यूब, ठिगळे, सोल्यूशन, पान्हे आणि साखळीचा जोड घ्यावा. भिक्षूच्या सुईची जागा ती हीच, आणि दुसऱ्या कोणाची सायकल वाटेत बसली तर तिलाही ती उपयोगी पडते. मागचा लाल दिवा घ्यावा. तो स्वारास काही दाखवीत नाही, ट्रक हाकणारास स्वार दाखवतो, आणि कोणाच्या हातून अपघात घडल्याचे ओझे त्या बिचाऱ्याच्या जन्मावर टाकावयाचे नसेल तर तेवढे वजन वाहणे भाग आहे. नेहमीची औषधे घ्यावी. खेड्यातल्या आरोग्य केंद्राचा साठा त्या खेड्यासाठी असतो. रिकामी वेष्टने आणि बाटल्या परत आणण्यापुरती जागा ठेवावी. भरलेली असताना जी वाहिली ती रिकामी झाल्यावर जड कशी होते, हे कोडे आम्हांस आजवर उलगडलेले नाही. उलट तिसरा सदरा, गावात मिरवण्याचा जोडा, आणि पुढच्या पेठेत सहज मिळतील अशी दहा दिवसांची बिस्किटे खुशाल घरी ठेवावी. पेठेतील वाण्यास आपले गिऱ्हाईक हा भार नव्हे.

या कसोटीने सगळे प्रश्न सुटतात असे मात्र नाही. पिस्तुलाचा प्रश्न सुटत नाही. एखादे पुस्तक घ्यावे की नाही, हा सुटत नाही. पुस्तक कोणाचा भार वाढवीत नाही आणि हलका करीत नाही, आणि केवळ आनंदासाठी काही वाहणे हा मनुष्याचा हक्क आहे असे आम्हांस वाटते. सोबत्यांमध्ये ओझे कसे वाटावे, हाही उरतोच. तंबूचे दोन भाग करण्याची शिपायांची युक्ती सरळ दिसते. परंतु दोघांपैकी एक अशक्त असेल, तर अर्धेअर्धे हा न्याय आहे काय? बळकटाने दोन भाग घेतले तर अशक्तास पांगळे वाटते, न घेतले तर तो खरोखर मागे पडतो. असल्या ठिकाणी नियमाचे काम संपते आणि परस्परांच्या तोंडाकडे पाहून ठरवण्याचे काम सुरू होते.

प्रवासाहून परत आल्यावर सामान सोडताना, जी वस्तू एकदाही वापरली नाही ती पुढच्या वेळी घेऊ नये, असा एक उपदेश सायकलस्वारांत रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. न वापरलेला सदरा निरुपयोगी ठरला, हे ठीक. परंतु न वापरलेले मलमपट्टीचे डबे आणि न फोडलेली ठिगळांची पुडी निरुपयोगी ठरली नाहीत, ती केवळ लागली नाहीत. त्यांनी जे काम केले ते असे की सबंध वाटेवर कोणा अनोळखी माणसास, त्याची ऐपत असो वा नसो, आपल्यासाठी धावावे लागण्याचा प्रसंग आलाच तर तो शक्य तितका लहान राहिला असता. वस्तूचा झालेला उपयोग मोजणे सोपे आहे; तिच्यामुळे दुसऱ्यावर न पडलेला भार मोजता येत नाही. म्हणून यादी तपासताना 'हिचा मला काय उपयोग झाला' या प्रश्नाजवळच 'ही नसती तर कोणास वाहावी लागली असती' हाही प्रश्न लिहून ठेवावा. जेथे त्याचे उत्तर 'कोणासही नाही' असे येईल, तेथे वस्तू निःशंक उतरवावी. जेथे एखाद्या माणसाचे तोंड डोळ्यांपुढे येईल, तेथे पट्टा आणखी एक वेळ आवळून ती सायकलीवरच राहू द्यावी.